सहा ओव्या गायच्या, तीन गाळायच्या

उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यांतल्या, चौथ्या रविवारी, दर तीन वर्षांनी एकदा, मुंबई-वसईकडच्या कॅथलिकांच्या मराठी मिस्सेत (सामुदायिक उपासनेत) दोन वाचनांच्या मधे बायबलातलं स्तोत्र १३७ म्हटलं जातं. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नद्यांकाठी बसून रडणारी माणसं, झाडांना टांगलेल्या वीणा, परक्या मुलखात देवाचं गाणं गावं तरी कसं हा सवाल. यरुशलेमला विसरलो तर जीभ टाळूला चिकटो, इथवर येऊन गाणं थांबतं. स्तोत्राच्या शेजारी आकडे असतात १ ते ६. घरचं बायबल उघडलं की त्याच स्तोत्राला नऊ ओव्या दिसतात.

उरलेल्या तिनांत आधी अदोमी शेजाऱ्यांवरचा राग आहे. मग बाबेलला उद्देशून, तू आमचं जे केलंस तेच तुझं करील तो धन्य. आणि शेवटी, तुझी तान्ही मुलं उचलून खडकावर आपटील तो धन्य.

‘या वचनातून देव मला काय सांगतो?’ हा प्रश्न मुंबईच्या ख्रिस्ती घरांना नवा नाही. वाडीवाडीतल्या छोट्या समूहांच्या प्रार्थनेत ऐंशीच्या दशकापासून रीत रुळली आहे: उतारा वाचायचा, थोडं गप्प बसायचं, मग कुठला शब्द मनाला भिडला ते ज्याने त्याने सांगायचं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत ३१ डिसेंबरच्या रात्री वचनाची चिठ्ठी उचलतात आणि वर्षभर ती बायबलात जपून ठेवतात. स्तोत्र २३, ९१, १२१ यांच्या चिठ्ठ्या हमखास निघतात. १३७ ची नववी ओवी कुणाच्या हाती आल्याचं ऐकलेलं नाही. ती डब्यात घालतच नाहीत. पण क्रमाने बायबल वाचणाऱ्याला ती कधी ना कधी भेटतेच, आणि बहुधा एकटं असताना.

मूळ घटना थोडक्यात. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडलं, लोकांना बाबेलला नेलं. जिंकलेल्या शहरातली पोरं आपटून मारणं हा तेव्हाच्या युद्धांचा भाग होता. यशयाच्या तेराव्या अध्यायात आणि राजांच्या दुसऱ्या पुस्तकात तोच प्रकार येतो. म्हणजे नववी ओवी ही कवीने बसून रचलेली क्रूर कल्पना नव्हे, सोसलेल्याचा उलटा हिशेब आहे. हिशेब चुकता मात्र झाला नाही. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाच्या सैन्याने बाबेल शहर घेतलं ते लढाईविनाच.

ख्रिस्ती वाचकांची अडचण फार लवकर सुरू झाली. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एका भाष्यकाराला एका टीकाकाराचं खंडन करायचं होतं. टीका अशी की तुमचा जुना देव शत्रूला मारायला सांगतो आणि येशू दुसरा गाल पुढे करायला, मग खरा कोण? उत्तर देताना त्याने ही ओवी घेतली. बाबेलची तान्ही मुलं म्हणजे मनात नुकते जन्मलेले वाईट विचार. ते मोठे होण्याआधी आपटा. हा खडक म्हणजे ख्रिस्त, असंही परंपरेने पुढे जोडलं. सहाव्या शतकात ही समजूत मठांच्या नियमावलीत शिरली आणि तिथून उपदेशांत. मराठी प्रवचनातही तिचं सार कानावर पडतं, मोह तान्हा असतानाच ठेचावा असं. तोड बिनतोड आहे, फक्त तिच्यात ती पोरं नाहीशी होतात.

मराठी वाचकाच्या हाती मात्र हे स्तोत्र आलं ते अशा कुठल्याही तोडीशिवाय. १८०४ साली लंडनमध्ये निघालेल्या शास्त्रप्रसाराच्या संस्थेचा नियमच होता, टीप नको, भाष्य नको, नुसतं वचन. १८१३ मध्ये मुंबईत शाखा झाली, नवा करार इथे १८२६ ला छापून झाला, आणि जुन्या करारासह पूर्ण मराठी बायबल १८४७ ला. १९२४ साली पूर्ण झालेलं केडगावचं, पंडिता रमाबाईंचं भाषांतर थेट हिब्रू-ग्रीकवरून केलेलं होतं. गिरगाव-भायखळ्याच्या मंडळ्यांतल्या माणसाने स्वतः वाचावं आणि स्वतः अर्थ लावावा, हे त्या नियमाचं देणं. अडलं तर विचारायला पानाच्या तळाशी कुणी नाही, ही त्याचीच दुसरी बाजू. कॅथलिकांकडे उलट होतं. सामान्य माणसाच्या हाती बायबल क्वचित, आणि पाद्री आठवड्यात सगळी दीडशे स्तोत्रं म्हणत, पण लॅटिनमध्ये. शाप रोज म्हटले जात होते, कळत कुणाला नव्हते.

या सगळ्याला कलाटणी मिळाली ती १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर. उपासना मातृभाषेत आली आणि लॅटिनने झाकलेलं उघडं पडलं. धर्मगुरूंच्या आणि सिस्टरांच्या दैनंदिन प्रार्थनेचा ग्रंथ नव्याने बांधताना स्तोत्रं एका आठवड्याऐवजी चार आठवड्यांत विभागली. त्याच वेळी प्रश्न उभा राहिला की शापाची स्तोत्रं लोकांच्या भाषेत म्हणायला द्यायची का. तज्ज्ञांपैकी बऱ्याच जणांचा कल संहिता अख्खी ठेवण्याकडे होता. निर्णय वरून आला तो वेगळा. स्तोत्र ५८, ८३ आणि १०९ पूर्ण वगळली. इतर अनेकांतल्या निवडक ओव्या वगळल्या, त्यांत १३७ च्या शेवटच्या तीन. रविवारच्या नव्या वाचनक्रमातही, जो १९६९ च्या आगमनकाळापासून (नाताळआधीच्या आठवड्यांपासून) लागू झाला, हे स्तोत्र सहाव्या ओवीवरच थांबलं.

कारण दिलं गेलं ‘मानसिक अडचणी’चं. आणि हे कारण देणारा परिच्छेद त्याच श्वासात कबूल करतो की अशी शापवचनं नव्या करारातही प्रार्थना म्हणून आलेली आहेत. दाखला प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाचा, जिथे मारले गेलेले साक्षीदार ‘कुठवर वाट पाहायची’ असं देवाला ओरडून विचारतात. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, येशूला दगा दिलेल्या यहूदाची रिकामी जागा भरताना पेत्र ज्या वचनाचा आधार घेतो, तेही गाळलेल्या १०९ मधलंच. नव्या कराराला जे चाललं ते विसाव्या शतकाला चालेना, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

निर्णयाच्या बाजूने सांगण्यासारखं आहे, ते सांगायला हवं. प्रार्थना म्हणजे अभ्यास नव्हे. थकलेल्या सिस्टरने संध्याकाळी ‘पोरं आपटील तो धन्य’ म्हणावं आणि मग मनातल्या मनात त्याचं भाष्य करावं, ही अपेक्षा जास्त आहे. शिवाय गाळलं ते प्रार्थनेतून, शास्त्रातून नाही. तरी मला हा उपाय पटलेला नाही. स्तोत्र ५८ अन्यायी न्यायाधीशांविरुद्धचं आहे. कोर्टाच्या तारखा घालून चपला झिजवलेल्या माणसाला ते लगेच कळतं, आणि त्याच्याकडूनच ते काढून घेतलं. राग आलेल्याने काय म्हणावं याचे शब्द शास्त्रात होते. अडचण ज्यांना झाली ते बहुतेक न रागावलेले होते.

मराठीत गोष्ट आणखी गुंतते ती ‘धन्य’ या शब्दाने. पहिल्या स्तोत्रात दुर्जनांच्या वाटेला न जाणारा धन्य. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात आत्म्याने दीन, शोक करणारे, दयाळू ते धन्य. आणि इथे पोरं आपटणाराही धन्य. हा भाषांतरकारांचा हलगर्जीपणा नव्हे. हिब्रूत पहिल्या आणि एकशे सदतिसाव्या स्तोत्रात एकच शब्द आहे, आणि जुन्या ग्रीक भाषांतराने त्यासाठी जो शब्द वापरला तोच मत्तयच्या शुभवर्तमानात येतो. त्या हिब्रू शब्दात आशीर्वाद देणं नाही. ‘नशीबवान’, ‘त्याचं भलं झालं’ असा त्याचा रोख आहे. मराठी ‘धन्य’ला मात्र संतवाणीचा वास आहे, पुण्य त्यात आपोआप येतं. आणि गंमत म्हणजे बोलताना हाच शब्द आपण उलटाही वापरतो: ‘धन्य आहे बाबा तुझी!’ नववी ओवी या सुरात वाचून पाहा. मूळ कवीला तो सूर अभिप्रेत होता असं मी म्हणणार नाही, पण मराठी कानाला तो ऐकू येतो.

‘स्तोत्र’ या शब्दानेही घोळ केला आहेच. आपल्याकडे स्तोत्र म्हणजे स्तुती आणि शेवटी फलश्रुती. तिथे शाप कसा बसणार? (हिब्रू नावाचाही अर्थ ‘स्तुती’च, तेव्हा दोष एकट्या मराठीचा नाही.) पण गिरणगावात वाढलेल्या कुणालाही विचारा, देवापुढे उभं राहून ‘व्हय म्हाराजा’च्या साथीने जे गाऱ्हाणं घातलं जातं त्यात वाईटावर असणाऱ्याचा बंदोबस्त देवानेच करावा हे मागणं असतं. घालणारा स्वतः कोयता उचलत नाही. १३७ व्या स्तोत्राला गाऱ्हाणं म्हटलं असतं तर अर्धी अडचण पहिल्याच शब्दाला सुटली असती.

शिवाय मुंबईत हे स्तोत्र फक्त ख्रिस्ती लोकांचं नाही. मांडवीला १७९६ पासून उभं असलेलं सिनेगॉग, ज्याच्यावरून मशीद बंदर हे नाव पडलं असं सांगतात, ते मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंचं. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपास ते ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून पाळत आले, वालाच्या बिरड्यावरून. बाबेलची मुलं म्हणजे माझे वाईट विचार, असा अर्थ लावताना ज्यांचं शहर जळलं त्यांचे वंशज चार स्टेशनांवर राहतात, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

२०१० मध्ये वसईच्या एका धर्मगुरूंचं टिपांसह मराठी बायबल आलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. कॅथलिक घरांत पानाच्या तळाशी आता कुणीतरी बोलतं. मोबाइलवरच्या बायबलात नऊच्या नऊ ओव्या एका बोटावर आहेत. वाचनक्रम तोच आहे. पाळी पुन्हा येते ७ मार्च २०२७ च्या रविवारी, ओव्या १ ते ६.