लाईनीत हवा धरलीय

गच्चीवरची टाकी धुऊन घेतली की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वरच्या मजल्यावर एक नाटक ठरलेलं. टाकी काठोकाठ भरलेली, खालच्या मजल्यांवर धो धो पाणी, आणि आमच्या बाथरूमचा नळ मात्र दोनदा फुसफुसतो, कपभर पाणी ओकतो आणि गप्प बसतो. मागच्या खेपेला आलेल्या प्लंबरने पाना पिशवीतून काढलाच नाही. नळाला कान लावला आणि म्हणाला, "चोंदलंबिंदलं काही नाही. लाईनीत हवा धरलीय."

पाण्यापुढे हवेची काय बिशाद, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण गोम पाइपाच्या वळणांत असते. गच्चीवरून आलेला पाइप सरळ खाली उतरत नाही. दाराच्या चौकटीवरून चढतो, उतरतो, पुढे खिडकीवरून पुन्हा चढतो. टाकी रिकामी झाली की यातलं बरंचसं पाणी निघून जातं, खोलगट भागात थोडं साचून राहतं, आणि नवं पाणी आलं की मधली हवा कोंडते. चढाव चढताना पाण्याचा जोर खर्च होतो. एरवी तो पलीकडच्या उतारावर परत मिळतो, कारण उतारातल्या पाण्याचं वजन पुढच्या पाण्याला रेटतं. उतारात पाण्याऐवजी हवा बसलेली असेल तर रेटणारं वजनच नाही. पाण्याचा जोर त्याच्या उंचीत मोजतात, म्हणजे ६० सेंटिमीटरचा उंचवटा ६० सेंटिमीटरचा जोर खाऊन टाकतो. असे तीन उंचवटे असले की १.८ मीटर गेले. आमच्या शॉवरपासून टाकीतल्या पाण्याची पातळी जेमतेम २ मीटर वर. उरलं काय? तळमजल्याला १२ मीटरचा दाब असतो, तिथे एवढं गेल्याचं कळतही नाही. म्हणून हा त्रास नेहमी वरच्या मजल्याच्या नशिबी.

उपाय सोपा होता. स्वयंपाकघरात पालिकेच्या पाण्याचा थेट नळ आहे, त्याला जोर चांगला. प्लंबरने त्यातून बाथरूमच्या नळापर्यंत नळी जोडली आणि दोन्ही नळ उघडले. पाणी उलटं वर चढलं, गच्चीवर टाकीत गुडगुड ऐकू आली आणि अर्ध्या मिनिटात काम फत्ते. नळी मात्र लगेच काढायची. मध्येच पालिकेचा दाब उतरला तर टाकीतलं पाणी पिण्याच्या लाईनीत शिरेल. आणि नळाला पाणी नसेपर्यंत गिझरचं बटण बंदच ठेवावं. आतली टाकी कोरडी असेल तर कॉइल जळते.

मूळ कारण सापडलं ते गच्चीवर. टाकीतून निघालेल्या पाइपाला व्हॉल्व्हनंतर एक उभा तुकडा जोडलेला असतो, टाकीच्याही वर गेलेला, तोंड उघडं आणि खाली वळवलेलं. त्याला एअर व्हेंट म्हणतात. पाइप भरताना हवा तिथून बाहेर पडते, रिकामा होताना तिथूनच आत येते. रंगकामाच्या वेळी कोणीतरी त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली होती आणि ती तशीच राहिली होती. चार वर्षं!

पंपाची गोष्टही अशीच. मोटर फिरतेय, आवाज येतोय, पाणी नाही. शेतावर म्हणतात, मोटारीनं हवा घेतली. सेंट्रिफ्यूगल पंप आतल्या द्रवाला गरगर फिरवून बाहेर फेकतो, आणि किती दाब तयार होणार हे त्या द्रवाच्या वजनावर ठरतं. हवा पाण्याच्या सुमारे ८०० पट हलकी. जो पंप पाणी २० मीटर चढवतो, तोच हवेने भरला तर २० मीटर उंचीच्या हवेच्या खांबाएवढाच दाब देतो, म्हणजे पाण्याच्या हिशेबात अडीच सेंटिमीटर. एवढ्या ओढीवर विहिरीतलं पाणी हलणारसुद्धा नाही. म्हणून आधी पंपात पाणी भरायचं. रोज भरावं लागत असेल तर दोनच संशयित: तळाचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप, किंवा विहिरीतून पंपाकडे येणाऱ्या सक्शन पाइपाचा एखादा जोड. मोटर बंद करून, वरचं बूच उघडून पाणी काठापर्यंत भरा आणि पाहत राहा. पातळी उतरली, तर यांपैकीच कुठेतरी गळती आहे. जोडाचा दोष जास्त लबाड असतो. पंप चालू असताना सक्शनच्या बाजूला पाणी बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते, त्यामुळे ओल दिसतच नाही. जोडावर साबणाचा घट्ट फेस लावायचा. फेस आत खेचला गेला की चोर सापडला.

ही ओढसुद्धा अमर्याद नाही. खरं तर पंप पाणी ओढत नाही, बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४३ साली पाऱ्याची नळी उलटी करून हे दाखवलं. समुद्रसपाटीला ही मर्यादा सुमारे १०.३ मीटर. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटरच्या आसपासच्या ठिकाणी हवा विरळ, तिथे जेमतेम पावणेनऊ. प्रत्यक्षात ६-७ मीटरच्या पुढे भरवसा ठेवू नये.

आता गॅरेजमध्ये या. ब्रेकचं पॅडल मऊ लागतंय, दोन-तीनदा दाबलं की मग कडक होतं, असं सांगितलं की मेकॅनिक गाडीखाली न वाकताच म्हणतो, "लाईनीत एअर आहे." वाक्य तेच, पण इथे जीव टांगलेला. ब्रेक ऑइल दबत नाही, म्हणूनच पायाचा जोर तसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. पाण्याला ५० पट वातावरणाचा दाब दिला तरी लिटरमागे दोन-सव्वादोन मिलिलिटरच आकसतं. हवा तेवढ्याच दाबाला पन्नासाव्या हिश्शावर येते. समजा लाईनीत १ मिलिलिटरचा बुडबुडा आहे, एवढासा, करंगळीच्या टोकाएवढा. तो चेपण्यातच मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पॅडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याचा पिस्टन, त्याचा व्यास २० मिलिमीटर धरला तर, ३ मिलिमीटर पुढे जातो. पॅडल ही तरफ आहे, पिस्टनच्या साधारण चार-पाच पट हलणारी. म्हणजे तुमचा पाय सव्वा ते दीड सेंटिमीटर फुकट खाली गेला, आणि चाकाला अजून पत्ताच नाही.

हवा बाहेरूनच येते असं नाही. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा निकष आहे. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १४० वर येतो. आंबोली किंवा वरंध घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की चाकाजवळचं ऑइल तिथपर्यंत तापू शकतं. पाय दाबलेला असतो तोवर दाबामुळे ते उकळत नाही. पाय उचलला की दाब जातो, वाफ धरते, आणि पुढच्या वळणावर पॅडल थेट खाली! म्हणून ड्रायव्हर लोक सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, आणि ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला.

हवा काढायची रीत दोन माणसांची. चाकाजवळच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या पोकळ स्क्रूला, पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल आवळायचा आणि मगच पाय सोडायचा. क्रम चुकला, निपल आवळायच्या आत पाय उचलला, तर हवा पुन्हा आत. वरच्या डबीतलं ऑइलही मधूनमधून भरत राहायचं. पहिल्यांदा करताना शेजारी जाणकार हवाच, आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली गाडी असेल तर सरळ गॅरेज गाठावं. डिझेल संपून बंद पडलेल्या जुन्या ट्रॅक्टरची कथाही वेगळी नाही: हातपंप मारत ब्लीडिंगचा, म्हणजे हवा काढायचा स्क्रू सैल करायचा, फेस थांबून नुसतं डिझेल येईपर्यंत.

मात्र हाच चेपला जाण्याचा गुण एके ठिकाणी हवाहवासा असतो. नळ झटकन बंद केला की भिंतीत ठक् असा ठोका बसतो. लोखंडी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाने चाललेलं पाणी एका क्षणात थांबलं, तर दाब १२ वातावरणांइतका उसळू शकतो. म्हणून काही प्लंबर नळाच्या वर फूटभर उभा, टोकाला बूच लावलेला पाइप सोडतात. आतली हवा चेपली जाते आणि धक्का गिळते. ही हवा हळूहळू पाण्यात विरघळते, पाइप पाण्याने भरतो आणि काही महिन्यांनी ठोका परत सुरू होतो. मग मुख्य व्हॉल्व्ह बंद करून वरचे आणि खालचे नळ उघडायचे आणि लाईन पूर्ण रिकामी होऊ द्यायची, म्हणजे त्या उभ्या पाइपात हवा पुन्हा भरते. आमच्याकडे हे काम टाकी धुवायच्या दिवशी आपोआप होतं.