जोई डनलॉपचा मृत्यू ‘टीटी’त झाला नाही

मोटरसायकल शर्यतपटू जोई डनलॉपचा विषय निघाला की कुणीतरी सांगतंच, ‘तो ना, आयल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत वारला.’ टीटी म्हणजे ‘टुरिस्ट ट्रॉफी’, ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या त्या बेटावर रस्त्यांवरच होणारी मोटरसायकल शर्यत. ऐकायला पटतं. गावांतून, दगडी कुंपणांना घासून जाणारी सुमारे ६० किलोमीटरची ती फेरी, आणि तिच्यावर २६ विजय मिळवलेला माणूस. पण हे खरं नाही.

जून २००० मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, जोईनं त्याच टीटीत तीन शर्यती जिंकल्या आणि धडधाकट परतला. अपघात झाला त्यानंतर, २ जुलैला, एस्टोनियातल्या टॅलिनमध्ये. तिथं मोठ्या इंजिनांच्या दोन गटांतल्या शर्यती जिंकून तो १२५ सीसीच्या छोट्या गाडीवर बसला. रस्ता पावसानं ओला होता. गाडी घसरली, झाडांवर आदळली, जोई जागीच गेला.

गोंधळाचं एक कारण घरातलंच असावं. भाऊ रॉबर्ट २००८ मध्ये आणि पुतण्या विल्यम २०१८ मध्ये सरावात गेले. तेही टीटीत नव्हे, आयर्लंडमधल्या शर्यतींच्या वेळी. जोईचा २६ विजयांचा विक्रम २०२४ मध्ये मोडला तो रॉबर्टच्याच मुलानं, मायकेलनं.

एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. उत्तर आयर्लंडमधल्या बॅलीमनी गावचा हा अबोल माणूस रोमानिया, बोस्नियातल्या मुलांसाठी अन्न-कपडे भरून व्हॅन स्वतः चालवत न्यायचा. १९९६ चा ब्रिटिश सन्मान त्याला शर्यतींसाठी नव्हे, या फेऱ्यांसाठी मिळाला.