कामाचे जुने ट्रक आणि लाकूडतोडीचा वारसा : मुंबईच्या संदर्भातील पार्श्वभूमी

मुंबईत जुन्या मोटारींच्या फेऱ्या निघतात तेव्हा संस्थानिकांच्या आणि धनिक घराण्यांच्या गाड्या पाहायला गर्दी होते; त्या रांगेत माल वाहून झिजलेला ट्रक क्वचितच दिसतो. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, म्हणजे ऑरेगन, वॉशिंग्टन आणि ब्रिटिश कोलंबिया या प्रदेशांत, परिस्थिती वेगळी आहे. तिथे ओंडके वाहणारे जुने ट्रक शोधून काढून पुन्हा चालते करणे हा लाकूडतोडीच्या वारशाचाच भाग मानला जातो, आणि त्यांच्यासाठी संग्रहालयेही आहेत. मुंबई हे जंगलाचे गाव नव्हे, त्यामुळे या विषयाशी तिचा संबंध दूरचा वाटू शकतो. प्रत्यक्षात लाकडाचा व्यापार, ते वाहणारी वाहने आणि त्या वाहनांवरचे सुतारकाम या तिन्ही गोष्टी या शहरात इतक्या जवळ नांदल्या आहेत की इथल्या ट्रकचा इतिहास लाकडाला वगळून सांगताच येत नाही.

सुरुवात गोदीपासून होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे पिढ्यान्‌पिढ्या ईस्ट इंडिया कंपनीसाठी व ब्रिटिश आरमारासाठी जहाजे बांधली. ही जहाजे मलबारच्या सागवानाची होती. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे, यावरून त्या लाकडाच्या टिकाऊपणाचा अंदाज यावा. लाकडाच्या या भुकेचा ताण जंगलांवर लवकरच दिसू लागला. मलबारात १८०६ मध्ये वनसंरक्षक नेमावा लागला, १८४० च्या दशकात तिथले कलेक्टर कॉनोली यांनी निलांबूर येथे सागाची लागवड सुरू केली, आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्यातही डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे वनसंरक्षकाचे पद देण्यात आले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या लाकडाचा मोठा ओघ ब्रह्मदेशाकडून येऊ लागला. १८६३ मध्ये वॉलेस बंधूंनी स्थापन केलेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने तिथे सागाचे प्रचंड काम उभारले. ब्रह्मी पद्धत संथ होती. उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती खोल वलय कापून ते दोन-तीन वर्षे जागेवरच वाळू दिले जाई, कारण ओला साग पाण्यावर तरंगत नाही. वाळलेले झाड पाडल्यावर हत्ती ते ओढ्यापर्यंत ओढून नेत आणि पावसाळी पुरावर ओंडके खाली रंगूनकडे सोडले जात. या कंपनीने तोडलेल्या ओंडक्यांचा हिशेब कमी दाखवला असा ठपका ठेवून ब्रह्मी दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. हा वाद १८८५ च्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे एक निमित्त ठरला. त्या युद्धात राज्य गमावलेल्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवले गेले आणि १९१६ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहणाऱ्या पर्यटकांपैकी किती जण त्याचा संबंध ओंडक्यांच्या हिशेबाशी जोडत असतील, कोण जाणे.

मुंबईच्या चाळींचे खांब, जिने आणि तुळया याच ब्रह्मी सागाच्या होत्या. बंदराच्या पूर्व किनाऱ्यावर लकडी बंदर होते, शिवडीला ओंडके पाण्यात ठेवण्याचा तलाव होता आणि रे रोडला वखारींची रांग उभी राहिली. लाकूड पाण्यात बुडवून ठेवल्याने ते तडकत नाही आणि त्याला कीडही लागत नाही. पुढे ट्रक ज्या वखारींच्या दारांशी येऊन थांबू लागले, त्या अशा रीतीने ट्रकच्या आधीच तयार होत्या.

जवळच्या जंगलांची कहाणी कठोर आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावू लागली आणि स्लीपरांसाठी लाकडाची मागणी वाढत गेली. १८७८ च्या वन कायद्याने गावकऱ्यांचे जंगलातील हक्क इतके आवळले की ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये सरकारला आयोग नेमावा लागला. तोड करणारे हात मुख्यतः वारली, कातकरी आणि अन्य आदिवासींचे होते, तर कूप, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा, ठेकेदाराच्या हाती असे. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली तलासरी-डहाणू भागातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, आणि पुढच्या वर्षी जंगलकामाच्या मजुरीसाठी संप झाला. त्यानंतर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या प्रयत्नांतून जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि कूप थेट त्यांना मिळू लागले. ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या ट्रकवर लाकूडतोडीचा वारसा म्हणून बोट ठेवताना हा भाग वगळला, तर उरतो तो फक्त रंग आणि पितळेचा लखलखाट.

लाकडासाठी खास ट्रक ही कल्पना मात्र अमेरिकेतली. तिथे आधी बैल, मग लोहमार्ग आणि उतारावर चालणारी शे जातीची इंजिने ओंडके वाहत. रूळ टाकणे ज्या दरीत परवडत नसे तिथे पहिल्या महायुद्धाच्या काळापासून ट्रक शिरू लागले. १९१६ च्या सुमारास आलेला मॅक कंपनीचा ‘एसी’ हा साखळीने चाके फिरवणारा, भरीव रबरी धावांचा ट्रक ‘बुलडॉग’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. फळ्या अंथरून केलेल्या रस्त्यांवरून हे ट्रक चालत. डोंगरउतारावर ब्रेक तापून निकामी होत, म्हणून पाण्याची टाकी बसवून ब्रेकच्या ड्रमवर पाणी सोडण्याची सोय पुढे रूढ झाली. ओंडके उतरवल्यावर मागची ट्रॉली ट्रकच्याच पाठीवर चढवून परत नेण्याची युक्तीही तिथलीच. टॅकोमा येथील लाकूड उद्योजक पीटरमन हे आपल्या जंगलांसाठी लष्कराने टाकलेले आणि जुने ट्रक नव्याने बांधून घेत असत. त्यांनी १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडची फेजॉल ही ट्रक कंपनी विकत घेतली आणि त्यातून ‘पीटरबिल्ट’ हे नाव जन्माला आले. जुन्या ट्रकची पुनर्बांधणी हा आज छंद समजला जातो, पण या एका मोठ्या कंपनीचा पायाच तिच्यावर घातला गेला आहे.

मुंबईत ट्रक सुटे येत आणि इथे जोडले जात. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जोडणी कारखाना सुरू केला आणि लवकरच फोर्डनेही मुंबईत जोडणी चालू केली. दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. कॅनडाने त्या युद्धात सुमारे ८ लाख लष्करी वाहने तयार केली, आणि त्यांतले चपट्या नाकाचे फोर्ड व शेव्हर्ले ट्रक मोठ्या संख्येने भारतात आले. युद्ध संपल्यावर हा ‘डिस्पोजल’चा माल लिलावात निघाला. चारही चाकांना ओढ असलेला मजबूत ट्रक स्वस्तात मिळू लागला, आणि कच्च्या वाटांच्या जंगलकामाला याहून सोयीचे काही नव्हते. १९४७ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जोडणी सुरू केली आणि डॉज व फार्गो ही नावे ट्रकवाल्यांच्या तोंडी रुळली. केवळ जोडणी करणाऱ्यांना वाव न देण्याचे धोरण आल्यावर जनरल मोटर्सने १९५४ मध्ये काम आवरले. त्याच वर्षी टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) मर्सिडीज बनवणाऱ्या डेमलर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले, आणि १९६९ पर्यंत त्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तारा राहिला.

इथे एक बाब नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुनर्बांधणीचे सारे प्रश्न तिच्यातूनच निघतात. भारतात ट्रक कारखान्यातून बहुधा पूर्ण बाहेर पडत नसे. मालक विकत घेई ती चेसीस. तिच्यावर इंजिन, बॉनेट आणि समोरचा पत्रा एवढेच असे. ड्रायव्हरची केबिन, मागचा हौदा आणि फाळका हे सगळे बॉडी बांधणारे मिस्त्री आणि सुतार लाकडाचा सांगाडा उभारून, त्यावर पत्रा मारून तयार करत. त्यामुळे एकाच वर्षी एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन ट्रकांचे चेहरे वेगवेगळे असत. लाकूड वाहणाऱ्या ट्रकच्या हौद्याच्या बाजू काढता येतील अशा ठेवत, लांब सोटांसाठी कडेला उभे खुंट बसवत, आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडीला जादा पाटे घालत. ओंडके दोन तिरक्या वाशांवरून दोरांनी लोटून वर चढवले जात. नोव्हेंबर ते मे हा कामाचा हंगाम; पावसाळ्यात जंगलवाटा बंद. वन खात्याचा हातोड्याचा शिक्का आणि वाहतूक पास यांशिवाय ओंडका नाक्यापुढे जात नसे.

पेट्रोलचे मूळ इंजिन काढून डिझेल बसवणे ही दुसरी मोठी फेरफार. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत पर्किन्स इंजिने बनू लागल्यावर डॉज-फार्गोच्या कित्येक गाड्यांत ती गेली. ट्रक अखेर मोडीत निघाला तरी इंजिनाचे आयुष्य संपत नसे. ते मच्छीमार बोटीत, पाण्याच्या पंपावर किंवा लाकूड कापणाऱ्या गिरणीत पुढची कित्येक वर्षे चाले. उरलेला सांगाडा भंगारवाल्याच्या गॅसकटरखाली जाई. मोटार हौसेखातर गॅरेजात राहते, ट्रक कमाई थांबली की संपतो; जुने ट्रक दुर्मीळ असण्याचे मुख्य कारण एवढेच आहे.

लाकडाची वाहतूकही आटली. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने भर उत्पादनाकडून संवर्धनाकडे वळवला. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे वन खात्याच्या तोडीच्या आराखड्याशिवाय, होणारी तोड थांबली आणि विनापरवाना सॉ मिलवर टाच आली. म्यानमारने २०१४ मध्ये अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग आजही निघतो; बल्लारपूर डेपोतून अयोध्येच्या राम मंदिरासाठी २०२३ मध्ये गेलेले लाकूड त्यातलेच. परंतु आता तो आधुनिक ट्रेलरवरून जातो.

आता मूळ रूप म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न. जुन्या मोटारीच्या बाबतीत कारखान्यातून निघालेली अवस्था हा मापदंड ठरतो. लाकडाच्या ट्रकला तो लावायचा तर सुताराची केबिन, जादा पाटे आणि पर्किन्स इंजिन सगळेच काढावे लागेल आणि हाती उरेल ती रस्त्यावर कधी न चाललेली नुसती चेसीस. माझ्या मते ज्या रूपात ट्रकने सर्वाधिक काळ काम केले ते रूप जपणे अधिक प्रामाणिक आहे. रिव्हेट केलेल्या चेसीसला पडलेल्या भेगा, पुढची चाके ज्यावर वळतात त्या किंगपिनची झीज आणि ब्रेक यांत तडजोड चालणार नाही. पण खुंटांनी घासलेली कड आणि साखळीचे वळ पॉलिश करून पुसण्याचे काही कारण नाही. कुजलेले खांब बदलायला पक्के, मुरलेले सागवान लागते, आणि ते मुंबईत पाडलेल्या चाळींच्या तुळयांतून मिळते. ब्रह्मदेशातून बोटीने आलेला तोच साग अशा प्रकारे ट्रकच्या अंगाला लागू शकतो.

कायद्याची अडचण मात्र खरी आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. ५० वर्षांहून जुने वाहन मूळ रूपात असल्यास, ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक २० हजार रुपये शुल्क भरून १० वर्षांसाठी मिळतो आणि प्रदर्शन वा फेरीसारख्या कामासाठी ते रस्त्यावर आणता येते. पण ही सोय खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी आहे. मालवाहू ट्रक तिच्या बाहेर राहतो, आणि चेसीस, बॉडी वा इंजिन यांत मोठा बदल नसावा ही अट तर जंगलात राबलेला जवळपास कोणताच ट्रक पुरी करू शकत नाही. दुरुस्त केलेल्या ट्रकला एक तर चालू मालवाहू वाहनाप्रमाणे योग्यता प्रमाणपत्र मिळवावे लागते, नाहीतर आवारात उभे राहावे लागते. मुंबईने बेस्टच्या बसचा आणि ट्रामचा इतिहास आणिक आगारातल्या संग्रहालयात ठेवला आहे. मालवाहतुकीसाठी तशी जागा निघाली तर निदान उभे राहण्याचा प्रश्न सुटेल. त्याहून तातडीची गोष्ट सुतारांची. आता ट्रक कारखान्यातूनच पोलादी केबिन घेऊन येतात आणि लाकडी केबिन बांधण्याचे काम संपत आले आहे; म्हणून जुना ट्रक हाती आलेल्याने इंजिनाचा मिस्त्री शोधण्याआधी त्या पिढीतला सुतार गाठावा आणि प्रत्येक जोडाचे माप लिहून घ्यावे.