कीटकांचा मेंदू आणि वर्तन एकत्र अभ्यासण्याची स्वस्त साधने : पार्श्वभूमी

विदर्भाच्या कापूस पट्ट्यात गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या, मादीसारख्या गंधाने नरांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात किती नर पतंग अडकले, हे कोणालाही मोजता येते; परंतु त्या गंधाने पतंगाच्या मज्जासंस्थेत काय घडले आणि त्याच क्षणी त्याने दिशा कशी बदलली, हे सापळा सांगत नाही. नागपुरात १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था असल्यामुळे येथील कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका नाही.

हे दोन्ही एकत्र पाहण्यातली अडचण केवळ पैशांची नव्हती. विद्युत संदेश टिपायचे तर कीटक स्थिर हवा आणि वर्तन पाहायचे तर तो हालता हवा. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ डीट्रिख श्नायडर यांनी १९५७ मध्ये रेशीमपतंगाच्या शृंगिकेचा (डोक्यावरील स्पर्शिकेचा) गंधाला मिळणारा विद्युत प्रतिसाद नोंदवला खरा, पण त्या नोंदीत पतंगाची चाल नव्हती. याच्या आदल्याच वर्षी हासेनश्टाइन आणि राइखार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी नेमकी उलट बाजू धरली होती. त्यांनी सोंड्या भुंगेऱ्याला पाठीकडून टांगले आणि त्याच्या पायांत हलक्या काड्यांचा गोल दिला; भुंगेरा चालू लागला की गोल फिरे, तो स्वतः जागीच राही, आणि काड्यांच्या प्रत्येक फाट्यावर तो डावीकडे वळतो की उजवीकडे, यावरून त्याला दृश्य हालचाल कशी जाणवते याचे गणित मांडता आले. या क्षेत्रातील सर्वांत कल्पक साधन माझ्या मते हेच, आणि ते जवळपास फुकटचे होते.

पुढे काड्यांच्या गोलाची जागा हवेवर तरंगणाऱ्या चेंडूने घेतली. २०१० मध्ये अशा चेंडूवर चालणाऱ्या फळमाशीच्या मेंदूतील चेतापेशींची सक्रियता द्विफोटॉन सूक्ष्मदर्शकातून, म्हणजे जिवंत ऊतीत खोलवर पाहू शकणाऱ्या लेझर सूक्ष्मदर्शकातून, पाहिली गेली. दोन्ही बाजू एकत्र आल्या, मात्र तो सूक्ष्मदर्शक सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचा होता.

स्वस्ताई आली ती इतर भागांत. झुरळाच्या पायातील संदेश ऐकवणारा ‘स्पायकरबॉक्स’ २०१२ मध्ये, चेंडूचे फिरणे साध्या कॅमेऱ्याने मोजणारी ‘फिकट्रॅक’ ही मुक्त संगणकप्रणाली २०१४ मध्ये, तर रास्पबेरी पाय हा छोटा स्वस्त संगणक आणि त्रिमितीय छपाई यांवर आधारलेली, सुमारे शंभर युरोंत उभी राहणारी ‘फ्लायपाय’ ही प्रयोगसामग्री २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

तरीही फळमाशीसाठी तयार झालेली, सक्रिय चेतापेशी चमकवून दाखवणारी जनुकीय साधने बोंडअळीच्या पतंगाला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. त्यामुळे येथे सुरुवात करायची तर श्नायडर यांच्या शृंगिकेवरील इलेक्ट्रोडला स्वस्त प्रवर्धक (अॅम्प्लिफायर) आणि कॅमेरा जोडणे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.