कर्नलला त्याचं हार्डवेअर कोण सांगतं?

छोट्या बोर्डासाठी लिनक्सचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा गाभा, कॉन्फिगर करायला बसलं की दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: खाली प्रोसेसर कोणता आणि आहे ती मेमरी कशावर खर्च करायची. मेनूकॉन्फिग या पर्याय निवडायच्या प्रोग्रॅमच्या निळ्या पडद्यावर हे दोन्ही प्रश्न एकाच यादीत येतात, पण त्यांचा इतिहास वेगवेगळा आहे. पहिला प्रश्न हळूहळू कर्नलच्या बाहेर काढला गेला. दुसरा अजून बोर्ड बनवणाऱ्याच्याच डोक्यावर आहे.

लिनक्सच्या १९९१ च्या ०.०१ आवृत्तीत कॉन्फिगरेशन म्हणजे सी भाषेतली एक हेडर फाइल होती. मेमरी किती, हार्ड डिस्कची मापं काय, रूट फाइलसिस्टिम कुठल्या पार्टिशनवर, हे सगळं लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने त्या फाइलमध्ये ‘डिफाइन’ करून ठेवलं होतं. तुमचं मशीन वेगळं असेल तर फाइल उघडायची, आकडा बदलायचा आणि पुन्हा कंपाइल करायचं. प्रोसेसर विचारायचं कारणच नव्हतं, इंटेलचा ३८६ सोडून दुसरा चालतच नव्हता. हा कोड दुसरीकडे नेता येण्यासारखा नाही, असं त्याने घोषणेतच सांगून टाकलं होतं. तरी १९९५ च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स हे प्रोसेसर आले, आणि रसेल किंगचं आर्मवरचं काम तर त्याआधीच सुरू झालं होतं.

प्रोसेसर वाढले तसे पर्याय वाढले आणि हेडर फाइलची जागा प्रश्नोत्तरांनी घेतली. हो, नाही की मॉड्युल (लागेल तेव्हा जोडायचा वेगळा तुकडा)? २.४ पर्यंत ही प्रश्नावली एका घरगुती, शेलसारख्या भाषेत लिहिलेली असे. ती वाचणारे तीन वेगवेगळे प्रोग्रॅम होते (ओळीओळीने विचारणारा, मेनू दाखवणारा आणि खिडक्यांचा) आणि तिघांचा अर्थ प्रत्येक वेळी जुळेलच असं नाही. एरिक रेमंडने पायथनमध्ये लिहिलेली नवी पद्धत सुचवली. कर्नल बांधायला पायथन कशाला लागावा, आणि एवढा मोठा बदल एकाच घासात का गिळायचा, यावर बरीच वादावादी होऊन ती २००२ मध्ये बारगळली. त्याच वर्षी रोमन झिपेलची केकॉन्फिग ही नवी पद्धत २.५.४५ मध्ये आली. ती अजून टिकून आहे.

केकॉन्फिगची एक खोड मात्र नवख्याला हमखास फसवते. तयार झालेल्या डॉट-कॉन्फिग फाइलमध्ये बंद केलेला पर्याय # लावून, ‘इज नॉट सेट’ अशा शब्दांत लिहिलेला असतो. दिसायला ती टिप्पणी आहे. प्रत्यक्षात केकॉन्फिग ती ओळ वाचतं आणि तिचा अर्थ ‘विचारून झालं, उत्तर नाही’ असा घेतं. फाइल नीटनेटकी करायच्या नादात अशा ओळी पुसल्या की पुढच्या वेळी ते सगळे प्रश्न परत समोर येतात, नाहीतर मूळचं उत्तर गुपचूप लागू होतं.

केकॉन्फिगच्या पाठोपाठ, लगेच पुढच्या २.५.४६ मध्ये, यूसीलिनक्स, म्हणजे छोट्या चिपांसाठीचं लिनक्स, मुख्य कर्नलमध्ये आलं. १९९८ मध्ये लिनक्स २.० वरून ते वेगळं काढलं होतं, मोटोरोलाच्या ड्रॅगनबॉल चिपसाठी. पामपायलटमध्ये असायची तीच चिप. तिच्यात एमएमयू, म्हणजे प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र पत्ते देणारं यंत्र, नव्हतं. त्यामुळे ‘फोर्क’, म्हणजे चालू प्रोसेसची नक्कल, करता येत नाही. ‘व्हीफोर्क’ वापरायचा, आणि मूल दुसरा प्रोग्रॅम सुरू करेपर्यंत किंवा संपेपर्यंत आईने थांबून राहायचं. मेमरी एकसंध लागते. एकूण मोकळी जागा भरपूर आहे पण तुकड्यातुकड्यांत विखुरलेली आहे, तर मागणी फेटाळली जाते. हे सगळं ‘एमएमयू’ नावाच्या एका हो-नाही पर्यायामागे बसवलं गेलं.

मेमरीची कात्री लावायची खरी चळवळ मात्र मॅट मॅकॉलने डिसेंबर २००३ मध्ये सुरू केली, २.६ बाहेर पडण्याच्या सुमारास. त्याच्या लिनक्स-टायनी पॅचेसनी कर्नलमधली एकेक सोय बंद करता येईल अशी केली. संदेश छापणारं प्रिंटके बंद करा, म्हणजे कर्नलच्या सगळ्या संदेशांचा मजकूर जातो आणि बरीच जागा वाचते. कर्नल मेला तर का मेला हेही कळत नाही, ही त्याची किंमत. लॉगचा बफर, म्हणजे ते संदेश साठवायची जागा, घ्या. त्याचा पर्याय आकार विचारत नाही, दोनाचा घातांक विचारतो. १७ लिहिलं की १२८ केबी, १२ लिहिलं की ४ केबी. एक जीबीच्या मशीनवर हा फरक कोणी बघणार नाही. ४ एमबीच्या मशीनवर त्या १७ पायी तीन टक्के रॅम जाते. मॅकॉलचाच स्लॉब हा छोटा ॲलोकेटर (मेमरी वाटून देणारा भाग) २००६ मध्ये २.६.१६ मध्ये सामील झाला. या पर्यायांच्या मेनूचं नाव होतं ‘एम्बेडेड’, म्हणजे छोट्या यंत्रांसाठीचं. पण सर्व्हरवालेही त्यातले पर्याय उघडायला तेच बटण दाबू लागले, म्हणून २०११ मध्ये त्याचं ‘एक्स्पर्ट’ झालं. नाव बदललं ते योग्यच होतं. तिथे खरा प्रश्न तुमचं यंत्र केवढं आहे हा नाहीच, काय बंद करतोय हे तुम्हाला कळतंय का, हा आहे.

तोवर आर्मच्या बाजूला वेगळीच पंचाईत झाली होती. पीसीमध्ये बायोस असतो, पीसीआय बस असते. कर्नल विचारतो आणि हार्डवेअर उत्तर देतं. आर्म चिपवर सीरियल पोर्ट कुठल्या पत्त्यावर आहे हे विचारायला कोणी नसतं, ते आधीच ठाऊक असावं लागतं. म्हणून प्रत्येक बोर्डासाठी सीमध्ये वेगळी बोर्ड फाइल, वेगळी डिफकॉन्फिग (तयार उत्तरांची फाइल) आणि रसेल किंगच्या नोंदवहीतला एक मशीन क्रमांक. बूटलोडर, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम, तो क्रमांक प्रोसेसरच्या आर१ या रजिस्टरमध्ये ठेवून कर्नलकडे उडी मारायचा. क्रमांक चुकला तर? ज्यांनी त्या काळात बोर्ड चालू केले आहेत त्यांना तो पडदा आठवत असेल: ‘अनकम्प्रेसिंग लिनक्स... डन, बूटिंग द कर्नल.’ आणि पुढे काही नाही. चूक झाल्याचा संदेश कर्नलमध्ये असायचा, पण तो छापायला सुरुवातीचं डीबगिंग आधी कॉन्फिगमध्ये चालू केलेलं असावं लागायचं.

२०१० मध्ये टोरवाल्ड्सने आर्मच्या डिफकॉन्फिग फाइलींवर तोंडसुख घेतलं आणि त्या सरळ काढून टाकायची धमकी दिली. उवे क्लाइने-क्योनिगने मग त्यांतली मूळ उत्तराशी जुळणारी प्रत्येक ओळ गाळली, आणि सुमारे दोन लाख ओळी एका फटक्यात गेल्या. पुढच्या वर्षी, मार्च २०११ मध्ये, टोरवाल्ड्सचा पुन्हा भडका उडाला, या वेळी बोर्ड फाइलींच्या गर्दीवरून. उपाय जुनाच होता. सनच्या मशीनवरून आलेल्या आणि १९९४ मध्ये आयईईई १२७५ म्हणून प्रमाणित झालेल्या ओपन फर्मवेअरमध्ये हार्डवेअरचं वर्णन झाडासारखं मांडत. पॉवरपीसीवाल्यांनी २००५ च्या सुमारास त्या झाडाची सपाट, फाइलमध्ये मावणारी आवृत्ती वापरात आणली होती. तोच डिव्हाइस ट्री आता आर्मवर आला. मेमरी कुठल्या पत्त्यापासून सुरू होते आणि किती आहे, हे त्यात दोन आकड्यांत लिहायचं आणि बूटलोडरने ती फाइल कर्नलच्या हाती द्यायची. डिसेंबर २०१२ च्या ३.७ पासून एकच आर्म कर्नल अनेक कंपन्यांच्या चिपवर चालू लागला. प्रोसेसरचा प्रश्न पूर्ण मिटला असं नाही. ६४ बिटी आर्मवर पान (मेमरी वाटायचा सगळ्यात छोटा तुकडा) ४ केबीचं, १६ चं की ६४ चं, हे आजही कंपाइल करतानाच ठरतं, आणि ६४ केबीची पानं निवडली की एक केबीची फाइलसुद्धा कॅशमध्ये अख्खं पान अडवते.

मेमरी किती आहे हे डिव्हाइस ट्री सांगतो. ती कशावर खर्च करायची हे तो सांगू शकत नाही. आणि कापाकापी करणारे कमी झाले तसे कापायचे पर्यायही राखायला कोणी उरलं नाही. २०१८ मध्ये ४.१७ मधून आठ आर्किटेक्चर एकदम गेली, त्यात एमएमयू नसलेला ब्लॅकफिन होता. २०२३ मध्ये ६.४ मधून स्लॉब गेला. त्याचं काम आता स्लब या दुसऱ्या ॲलोकेटरच्या ‘टायनी’ पर्यायाने भागवायचं.

अगदी छोट्या चिपा दरम्यान दुसरीकडे वळल्या. २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आलेली झेफिर ही काही केबी मेमरीत मावणारी ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्सचा कर्नल घेत नाही, पण केकॉन्फिग आणि डिव्हाइस ट्री दोन्ही घेते. फरक इतकाच की चालू झाल्यावर झाड वाचत बसायला तिथे जागा नसते. म्हणून ते बिल्ड करतानाच वाचलं जातं आणि त्यातून ‘डिफाइन’च्या ओळींनी भरलेली सीची एक हेडर फाइल तयार होते.