विजेट-विस्तार लायब्ररी

विजेट-विस्तार लायब्ररी म्हणजे ग्राफिकल इंटरफेसच्या मूळ टूलकिटमध्ये नसलेली विजेट पुरवणारा, वरून जोडायचा संच. बटण, मजकुराचा रकाना, यादी, सरकपट्टी असा पडद्यावरचा एकेक अवयव म्हणजे विजेट. टूलकिट यांतले नेहमी लागणारे अवयव देते. तारीख निवडायचे कॅलेंडर, उलगडत जाणारी झाडासारखी यादी, आलेख, टॅबची पाने असे काही लागले की विस्तार शोधावा किंवा स्वतः लिहावा लागतो.

कोकणात ही गोष्ट पडवीवरून चटकन समजते. चिऱ्याचे घर उभे असते, माणसे वाढतात, मग कडेला पडवी काढतात. पडवीचे वासे घराच्याच भिंतीवर टेकतात आणि तिचा उतार घराच्या छपराला धरून खाली येतो. पावसाळ्यात पहिली गळती होते ती जोडाशी. विस्तार लायब्ररीचेही बरेवाईट जोडावरच ठरते, म्हणून या नोंदीत जोडाबद्दल जास्त लिहिले आहे.

टीके आणि त्याचे विस्तार

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण टीके हे टूलकिट. जॉन औस्टरहाउट यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८८ मध्ये टीसीएल (उच्चार 'टिकल') ही भाषा केली आणि तिच्या जोडीने टीके लिहिले. दुसऱ्यांनी भर घालावी हा टीसीएलचा मूळ हेतूच होता. सी भाषेत लिहिलेली नवी आज्ञा टीसीएलमध्ये दाखल झाली की ती जुन्या आज्ञांइतकीच हक्काची होते. टीकेमध्ये विजेट तयार केले की त्याच्या नावाची एक नवी आज्ञाच जन्माला येते आणि पुढचा सगळा व्यवहार तिच्यामार्फत चालतो.

सुरुवातीच्या टीकेत बटण, यादी, मजकूर, कॅनव्हास (चित्र काढायचा फलक) होते; ड्रॉपडाउन (बाण दाबल्यावर खाली उघडणारी यादी), टॅब आणि झाडयादी नव्हती. ही उणीव टिक्स, बीएलटी, इन्कर विजेट्स अशा विस्तारांनी भरून काढली. टिक्सने कॉम्बोबॉक्स (ड्रॉपडाउन जोडलेला रकाना), टॅबची वही, श्रेणीबद्ध यादी, माउस नेल्यावर उमटणारा टूलटिप असे पुष्कळ काही दिले. बीएलटीचा भर आलेखांवर होता.

जोड कसा बसतो

विस्तार दोन तऱ्हांनी होतो. पहिल्या तऱ्हेत हाताशी असलेली विजेट एका चौकटीत बसवून त्यांचे एक मोठे विजेट करतात. याला मेगाविजेट म्हणतात. दुसरीत विजेट सी भाषेत मुळापासून लिहून, कंपाइल करून (यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणून), चालू प्रोग्राममध्ये लोड करतात. पहिली तऱ्हा सोपी दिसते, पण फसायला होते ते तिथेच.

देवगडच्या एखाद्या बागायतदाराला आंब्याच्या पेट्यांची नोंद ठेवायला छोटा प्रोग्राम हवा आहे असे धरू. तारीख, गिऱ्हाईक, गाव, आंब्याची जात, पेटीतले डझन एवढे रकाने. जातीत हापूस, पायरी, केसर, म्हणजे इथे ड्रॉपडाउन हवा. मजकुराचा रकाना, बाणाचे बटण आणि यादी एकत्र बांधली की ड्रॉपडाउन झाला असे वाटते. पण खाली उघडणारी यादी ही खरे तर किनार नसलेली वेगळी खिडकी असते. तिची जागा मोजून काढावी लागते, आणि रकाना पडद्याच्या तळाशी असेल तर ती वरच्या बाजूला उघडावी लागते. बाहेर क्लिक केले की ती मिटावी म्हणून माउसच्या सगळ्या क्लिक तात्पुरत्या तिच्याकडेच वळवून धरतात. ही पकड सोडायची राहिली की अख्खा प्रोग्राम गोठल्यासारखा होतो. बाणाच्या बटणाचा फोकस (कीबोर्ड त्याच्याकडे वळणे) बंद केला नसेल तर एकाच रकान्यावर टॅबची कळ दोनदा दाबावी लागते. ऐन हंगामात, वैशाखात, दिवसाला शेकडो ओळी भरणाऱ्या माणसाला हा दुसरा टॅब नकोसा होतो. माझ्या मते लायब्ररी पारखायची ती इथे: माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर चालवून पाहावी.

बाहेरून पाहता मेगाविजेट एकसंध वाटले पाहिजे. त्यासाठी चौकटीच्या आज्ञेचे नाव बदलून ती आड ठेवतात आणि त्या नावावर आपली आज्ञा बसवतात. 'रकाना बंद कर' असा हुकूम आला की ही आज्ञा तो आतल्या तिन्ही विजेटांपर्यंत पोचवते.

सीमध्ये लिहिलेला विस्तार वेगवान असतो आणि हवे ते चित्र काढू शकतो, पण प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळा कंपाइल करावा लागतो. टीकेची आवृत्ती बदलली की पूर्वी तोही नव्याने बांधावा लागे. टीसीएल ८.१ मध्ये १९९९ साली स्टब ही सोय आली आणि हा त्रास बराच कमी झाला. विस्तार टीकेच्या फंक्शनना थेट न बोलावता एका तक्त्यामार्फत बोलावतो, त्यामुळे आवृत्ती पुढे गेली तरी तो चालत राहतो.

पडवी घरात येते तेव्हा

टाइल नावाच्या विस्ताराने विजेटचे वागणे आणि दिसणे वेगळे केले. रंग, कडा, अंतर हे सगळे शैलीत गेले, आणि विंडोज किंवा मॅकवर विजेट त्या त्या सिस्टिमच्या रूपात दिसू लागली. डिसेंबर २००७ मध्ये टीके ८.५ आले तेव्हा टाइल टीटीके या नावाने मूळ टूलकिटमध्येच सामील झाले. कॉम्बोबॉक्स, टॅबची वही, झाडयादी आणि प्रगतिपट्टी त्यासोबत घरात आली. पायथन भाषेतून टीके वापरायच्या टीकिंटर या भागातही ती वापरता येतात. नवशिका एका गोष्टीला हमखास अडखळतो: टीटीकेच्या बटणाला पार्श्वभूमीचा रंग थेट देता येत नाही, तो शैलीतून द्यावा लागतो, आणि विंडोजच्या स्वतःच्या थीममध्ये तेवढ्यानेही बटण तो रंग घेत नाही.

टिक्सच्या वाट्याला दुसरे टोक आले. त्याची देखभाल थांबली, पायथनने ३.६ पासून ते वापरू नका असे सांगितले आणि २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत ते काढून टाकले. ज्यांचे जुने प्रोग्राम टिक्सवर उभे आहेत त्यांना बहुतेक विजेट टीटीकेमध्ये सापडतात. तारखेच्या रकान्यासाठी टीकेकॅलेंडर हा पायथनमधला विस्तार आहे. तो टीटीकेवरच बेतलेला आणि निव्वळ पायथनमध्ये असल्याने वेगळा कंपाइल करावा लागत नाही.

इतर टूलकिटांच्या रीती वेगळ्या आहेत. लिनक्ससारख्या सिस्टिमवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो या व्यवस्थेच्या एक्सटी टूलकिटने स्वतःचे रूप ठेवलेच नाही. अथेना आणि मोटिफ हे विजेटसंच त्याच्यावर उभे राहिले. क्यूटी या टूलकिटसाठी आलेख आणि मापकांचा क्यूडब्ल्यूटी हा विस्तार आहे. जीटीके या टूलकिटमध्ये प्रवाह उलटा वाहिला: ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या खास रूपाची विजेट २०२१ च्या अखेरीस लिबअद्वैता १.० या वेगळ्या लायब्ररीत आली.

देवनागरीचा प्रश्न

मराठी माणसासाठी सर्वांत महत्त्वाची मर्यादा विस्ताराच्या हातात नसते. अक्षरे रंगवण्याचे काम मूळ टूलकिट करते. विंडोज आणि मॅकवर टीके हे काम सिस्टिमवर सोपवते, त्यामुळे जोडाक्षरे नीट येतात. लिनक्सवर टीके ८.६ अक्षरे एकेक करून मांडते. पेट्यांच्या त्याच प्रोग्राममध्ये गावाच्या रकान्यात 'मालवण' लिहिले तर बरोबर दिसते, 'देवगड'ही दिसते. 'विजयदुर्ग' लिहिले की ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या उजवीकडे जाते आणि 'ग'वरचा रफार सुटून पाय मोडलेला 'र' उरतो. 'रत्नागिरी' दोन ठिकाणी बिघडते: 'त्न' सुटतो आणि 'गि'ची वेलांटी चुकीच्या बाजूला पडते. फाईलमध्ये नोंद शुद्धच असते, बिघडते ते फक्त पडद्यावरचे रूप. पण नोंद करणारा पडद्यावरच वाचतो, आणि आपल्याच गावाचे नाव मोडलेले पाहून तो ते पुन्हा पुन्हा खोडून लिहीत बसतो.

टीटीके, टीकेकॅलेंडर किंवा दुसरे कुठलेही विजेट जोडले तरी हे सुधारत नाही, कारण मजकूर शेवटी त्याच वाटेने जातो. जीटीके हे काम पँगो आणि हार्फबझ या अक्षरे जुळवणाऱ्या लायब्रऱ्यांकडे देते, क्यूटीही हार्फबझ वापरते. त्यामुळे लिनक्सवर मराठीत काम करणारा प्रोग्राम लिहायचा असेल तर या दोघांपैकी एकापासून सुरुवात करावी, आणि हव्या त्या विजेटांचा शोध त्यानंतर घ्यावा.