भेगांतून उतरणारं शिसं

रामबागेत काय किंवा नारायणबागेत काय, 'अटाला' अशी आरोळी आली की इंदूरकर घरातलं भंगार बाहेर काढतात. त्यात इन्व्हर्टरची थकलेली बॅटरी असेल तर भाव बरा येतो, कारण तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसंच असतं. ती रीतसर कारखान्यात गेली तर शिसं पुन्हा नव्या बॅटरीत जातं. पण शिसं वितळायला 327 अंश सेल्सिअस पुरतात, एवढी आच साध्या भट्टीतही मिळते. म्हणून देशभर कितीतरी बॅटऱ्या आडोशाला फोडल्या जातात, आम्ल जमिनीवर ओतलं जातं, धूर आजूबाजूच्या मातीवर बसतो. भट्टी बंद पडते, पत्रे निघतात, मुलं तिथे खेळू लागतात. शिसं मात्र कुजत नाही की विरत नाही. ते तिथेच राहतं.

सेनेगलमध्ये डाकारजवळ थियारोये-सुर-मेर इथे अशाच कामानं बाधित झालेली वाळू लोक घरी आणून शिशाच्या कणांसाठी चाळत होते. 2007-08 च्या काही महिन्यांत तिथे 18 मुलं दगावली. एरवी हे विष इतकं उघड दिसत नाही. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतो, लहान मुलात जवळजवळ निम्मा. मेंदू घडत असतानाच त्याला इजा होते आणि ती पुढे भरून येत नाही. मातीत खेळलेला हात तोंडात जातो, एवढाच तो मार्ग. अशा जमिनीची सगळी साफसफाई हा एक मार्ग बंद करण्यासाठी आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सुरुवात मोजण्यापासून होते. ड्रिल मशीनसारखं दिसणारं एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्र मातीला टेकवलं की मिनिटभरात आकडा मिळतो. क्ष-किरण अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवतात, बाहेरचा इलेक्ट्रॉन ती जागा घेतो आणि उरलेली ऊर्जा ठराविक मापाच्या किरणात बाहेर पडते. हे माप पाहून मूलद्रव्य ओळखायचं. इथे एक खाच आहे. शिशाची एक रेषा, म्हणजे असा एक ठराविक मापाचा किरण, आर्सेनिकच्या रेषेवर जवळपास तंतोतंत बसते, आणि बॅटरीतल्या शिशाच्या जाळीत पूर्वी आर्सेनिकही थोडं मिसळत. म्हणून शिशासाठी दुसरी रेषा पाहावी लागते आणि काही नमुने प्रयोगशाळेत पाठवावेच लागतात. नमुना वरच्या दोन-तीन सेंटिमीटरचा वेगळा आणि खालचा वेगळा घ्यायचा, कारण मुलांच्या हाताला वरचीच माती लागते. घराच्या अंगणासाठी अमेरिकेनं जानेवारी 2024 मध्ये मर्यादा दर किलो मातीत 400 मिलिग्रॅमवरून 200 वर आणली.

आता आपली माळव्याची काळी माती. तिच्यातली चिकणमाती शिसं घट्ट धरून ठेवते आणि माती अल्कधर्मी असल्यानं ते सहसा विरघळत नाही. ही आपली जमेची बाजू. पण जिथे बॅटरीचं आम्ल वर्षानुवर्षं सांडलं, तिथे ही पकड सुटते. शिवाय उन्हाळ्यात जमीन भेगाळते. वरची धूळ त्या भेगांत पडते, आणि मृगाचा पहिला पाऊस माती फुगून भेगा मिटण्याआधीच तिला खाली नेऊ शकतो. त्याखाली बेसॉल्टचा खडक, त्यातही फटी. पाणी कुठल्या फटीनं जाईल हे वरून कळत नाही.

उपायही याच मातीनं ठरतात. सर्वांत बाधित थर खणून, सिमेंटमध्ये बांधून, घातक कचऱ्याच्या सुरक्षित भरावात न्यायचा. उरलेल्या मातीत फॉस्फेट मिसळता येतं. शिसं त्याच्याशी जोडून पायरोमॉर्फाइट नावाचं, पोटातही फारसं न विरघळणारं खनिज बनतं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये यासाठी चक्क माशांच्या हाडांचा चुरा मातीत मिसळला होता. अल्कधर्मी जमिनीत मात्र ही क्रिया सावकाश चालते. मोहरी-सूर्यफूल लावून शिसं शोषून घेण्याची कल्पना ऐकायला गोड आहे, पण झाडं ते फार थोडं उचलतात. वरून काँक्रीट ओतावं, तर इथे घर बांधणारा प्रत्येक जण जाणतो की आधी काळी माती काढून मुरूम भरावा लागतो, नाहीतर तळ फुटतो. शिशावरच्या आच्छादनालाही तोच नियम. मुरमाच्या आधी भडक रंगाची जाळी अंथरतात, म्हणजे वीस वर्षांनी कुणी पाइप टाकायला खणलं तर कुदळ थांबेल.

पुढची राखण लांबलचक असते. जमिनीखालचं पाणी ज्या बाजूनं येतं तिथे तपासणीची एक विहीर, ज्या बाजूला जातं तिथे दोन-तीन. नमुने मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार लिटरला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. जवळचा नाला कान्ह नदीला मिळत असेल तर त्याचा गाळही तपासायचा. आणि आसपासच्या मुलांचं रक्त, दर काही महिन्यांनी. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडांतलं हळूहळू झिरपत राहतं. त्यामुळे आकडा रेंगाळला तर ते शिसं मुलाच्या हाडांतून येतंय की अजून कुठून तरी तोंडात जातंय, हे शोधायला पुन्हा घराच्या उंबऱ्यावरची धूळ तपासावी लागते.